चाकांवरचे घर : फर्निचर बसवावे कसे, बदलावे कसे?

ज्या मोटारगाडीतच झोपण्याची, बसण्याउठण्याची आणि स्वयंपाकाची सोय केलेली असते, तिला मोटरहोम किंवा कॅराव्हॅन म्हणतात. मुंबईत सिनेमाच्या शूटिंगला उभ्या असणाऱ्या व्हॅनिटी व्हॅनमुळे हा प्रकार आपल्या लोकांच्या परिचयाचा आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. केरळनेही त्याच वर्षी असे पाऊल उचलले. अशी गाडी एकदा बांधली म्हणजे काम संपत नाही. प्लाय फुगतो, बिजागऱ्या ढिल्या होतात, गाद्या दबतात, आणि काही वर्षांनी आतले सामान काढून नवे बसवावेच लागते.

हे काम कोण करतो? सुतार, वेल्डर, वायरमन, गादीवाला आणि सीट-कव्हर शिवणारा. या सर्व हुन्नरांत आपले बांधव आहेत. नदाफ-पिंजारी-मन्सुरी बिरादरीचा तर कापूस पिंजणे आणि गाद्या भरणे हा वडिलोपार्जित व्यवसाय. फिरता दवाखाना, फिरते दुकान, आठवडी बाजाराला माल नेणारी कपड्यांची गाडी, यांच्या आत जे काम होते तेही याच जातीचे. म्हणून या धंद्याची माहिती आपल्या कारागिरांना आणि त्यांना माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांना असावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

सर्वप्रथम एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घरातले कपाट हे फर्निचर असते. गाडीतले कपाट हा माल असतो. ट्रकमध्ये माल भरला की तो दोरखंडाने बांधल्याशिवाय कोणी शहाणा ड्रायव्हर गाडी हलवत नाही. गाडीतल्या फर्निचरलाही तोच नियम लागू आहे. फरक इतकाच की येथे दोरखंडाऐवजी बोल्ट असतो आणि तो प्लायच्या मागे झाकलेला असतो.

युरोपच्या वाहन नियमांत मोटर कॅराव्हॅनची जी व्याख्या आहे, तिच्यातच ही बाब आली आहे. गाडीत बसण्याची जागा आणि टेबल, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याची सोय असावी, आणि हे सर्व गाडीच्या अंगाला घट्ट जोडलेले असावे. फक्त टेबल तेवढे सहज काढता येणारे असले तरी चालते. म्हणजे सामान पक्के बसवणे ही वरची सफाई नसून गाडीच्या ओळखीचाच भाग आहे.

जोर किती येतो?

घरात कपाटावर एकच जोर असतो, तो म्हणजे त्याचे स्वतःचे वजन, खालच्या दिशेने. गाडीत जोर चारही बाजूंनी येतो. ब्रेक लागला की सामान पुढे धावते, वळणावर बाजूला जाते, खड्ड्यात उसळते. युरोपात ट्रकमधील माल बांधण्यासाठी जे प्रमाण धरतात, त्यानुसार माल पुढच्या बाजूला आपल्या वजनाच्या आठ-दशांश आणि बाजूला पाच-दशांश जोराने ओढ घेतो असे मानतात. म्हणजे २० किलोचे कपाट जोराच्या ब्रेकमध्ये १६ किलोने पुढे आणि वळणावर १० किलोने बाजूला ओढणार. एवढे सांभाळणे अवघड नाही.

टक्कर झाली तर मात्र हिशेबच बदलतो. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. या वेगातली गाडी कशावर तरी आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतली प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या साडेबारा पट जोराने पुढे जाऊ पाहते. मग २० किलोचे कपाट २५० किलोचे होते. ३ किलोचा कुकर ३७ किलोचा होतो. शिवाय वेग दुप्पट झाला की हा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. पुढे ड्रायव्हर बसलेला आहे, आणि त्याच्या मागे हे कपाट आहे. सुताराने काम करताना हे चित्र डोळ्यांसमोर ठेवले की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप समजतात.

तिसरी गोष्ट थरथरीची. इंजिन आणि रस्ता मिळून गाडी सतत हलत असते. घरात वीस वर्षे टिकणारा स्क्रू गाडीत काही महिन्यांत सैल होतो. तो आधी कुरकुरतो, मग त्याचे भोक मोठे होते आणि शेवटी तो हाताने ओढला तरी निघतो. गाडीतून कुरकुर ऐकू आली की ती पकड सुटू लागल्याची खूण समजावी.

पकड कशात घ्यावी?

आपल्या कारागिरांची समजूत असते की जाड बोल्ट घातला की काम झाले. ८.८ असा शिक्का असलेला ८ मि.मी.चा बोल्ट सरळ ओढून तोडायला अडीच-तीन टनांचा जोर लागतो. म्हणजे बोल्ट तुटत नाही. तुटतो तो त्याच्याभोवतीचा पत्रा. व्हॅनच्या अंगाचा पत्रा जेमतेम एक मि.मी.च्या आसपास असतो. त्यात नुसता स्क्रू किंवा लहान वॉशरचा बोल्ट लावला, तर झटक्याने पत्रा फाटून बोल्ट अख्खाच्या अख्खा बाहेर येतो.

यावर उपाय सोपा आहे. फरशीतून आरपार बोल्ट घ्यावा आणि खालच्या बाजूने निदान ३ मि.मी. जाडीची, तळहाताएवढी लोखंडी पट्टी लावावी, म्हणजे जोर मोठ्या जागेवर वाटला जातो. पट्टीचे कोपरे गोल करावेत, नाहीतर तेच कोपरे पत्रा कापतात. नट नायलॉनच्या कड्याचा घ्यावा, तो थरथरीने फिरत नाही. साधा नट असेल तर स्प्रिंग वॉशर विसरू नये. ज्या ठिकाणी मागून हात पोहोचत नाही, अशा खांबांत आणि कमानींत रिवनट बसवून त्यात बोल्ट घ्यावा. पत्र्यापेक्षा गाडीचे खांब, छताच्या कमानी आणि फरशीखालचे आडवे चॅनेल यांतच पकड शोधावी.

दुसरी बाब उंच कपाटाची. समजा कपाट सहा फूट उंच, गाडीच्या दिशेने ४० सें.मी. खोल आणि सामानासह ३० किलो वजनाचे आहे. ते फक्त खाली फरशीला बोल्टने जोडले आहे. जोराच्या ब्रेकमध्ये ते पुढच्या काठावर उलटू पाहते आणि मागच्या बोल्टवर सुमारे ४० किलोची ओढ येते. वर सांगितलेल्या ४० किलोमीटरच्या टक्करीत हीच ओढ ८०० किलोच्या पुढे जाते. प्लाय आणि पत्रा एवढे सोसत नाहीत. पण त्याच कपाटाचा माथा वर खांबाला किंवा कमानीला जोडला, तर उलटण्याचा जोर माथ्यावर १९० किलोच्या आत राहतो. कारण काय? तरफेची लांबी ४० सें.मी.वरून सहा फुटांवर गेली. म्हणून उंच वस्तू खाली आणि वर अशी दोन्हीकडे बांधावी. यात तडजोड करू नये.

लाकडाच्या बाजूलाही पकड तितकीच हवी. प्लायच्या काठात मारलेला स्क्रू हा सर्वांत कमजोर. काठाऐवजी सपाट बाजूतून लोखंडी अँगल आणि आरपार बोल्ट घ्यावा. सांध्यांना स्क्रूबरोबर पाण्याला टिकणारा गोंदही लावावा. स्क्रू दाबून धरतो आणि गोंद थरथर खातो. दोघे मिळून टिकतात, एकटा कोणी टिकत नाही.

भोक पाडण्यापूर्वी

गाडीच्या फरशीत ड्रिल लावण्यापूर्वी खाली वाकून पाहावे. खाली डिझेलची टाकी आहे, ब्रेकच्या नळ्या आहेत, वायरिंगचे जुडगे आहेत. वरून दोन इंच सरकलेले भोक खाली ब्रेकच्या नळीत जाऊ शकते. चासीच्या मुख्य गर्डरच्या वरच्या-खालच्या पट्टीत भोक पाडणे किंवा तिथे वेल्डिंग करणे कटाक्षाने टाळावे, कारण गाडीचा सारा भार तीच वाहते.

भोक पाडल्यावर त्याचा काठ घासून त्यावर गंजरोधक प्रायमर लावावा आणि बोल्ट बसवताना सीलंट भरावा. नाहीतर पावसाळ्यात पाणी वर येते, पत्रा गंजतो आणि आपली पकड आतून कुजते. वेल्डिंग करायचे असल्यास आधी बॅटरीची तार काढावी. आजच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असतात, वेल्डिंगच्या करंटने ते जळतात आणि नुकसानभरपाई कारागिराच्या मजुरीच्या कितीतरी पट होते. जवळचा फोम, कापड आणि पडदे बाहेर काढून आग विझवण्याचे सिलिंडर हाताशी ठेवावे.

माप घेण्याची रीतही वेगळी आहे. घरात आपण ओळंबा आणि लेव्हल लावतो. गाडी उतारावर उभी असेल, एका चाकात हवा कमी असेल, तर ओळंबा चुकीचे सांगतो. म्हणून माप गाडीच्या फरशीपासून आणि खांबांपासून घ्यावे. गाडीची भिंत सरळ नसून वाकलेली असते. त्यासाठी आधी पुठ्ठ्याचा फर्मा कापून बसवून पाहावा आणि मगच प्लायला करवत लावावी. पुठ्ठा वाया गेला तर दहा-वीस रुपये जातात, प्लाय वाया गेला तर दिवसाची कमाई जाते.

दारे, खण आणि आतला माल

कपाट जागेवर राहिले पण त्याचे दार उघडले, तर आतली भांडी धावणारच. घरातली चुंबकाची कडी येथे कामाची नाही. बटण दाबल्याशिवाय न उघडणारे लॉक लावावे. खणाला उचलून ओढावा लागेल असा खाचा किंवा लॉक असावे. वरच्या लहान कपाटांचे दार वर उघडणारे करतात आणि त्याला गॅसचा दांडा लावतात. तो दांडा दार बंद असतानाही ते ओढून धरेल असा बसवावा. फळीच्या पुढच्या काठाला दीड-दोन इंचांची पट्टी ठोकली तर वस्तू घसरत नाहीत. काचेऐवजी ॲक्रिलिक वापरावे किंवा मजबूत केलेली काच घ्यावी. टेबलाचे आणि ओट्याचे कोपरे गोल करावेत.

फ्रिज, शेगडी, पाण्याची टाकी आणि गॅसचे सिलिंडर या चार वस्तूंसाठी स्वतंत्र बंदोबस्त हवा. घरगुती भरलेले सिलिंडर सुमारे ३० किलोचे असते. त्याला वर आणि खाली असे दोन पट्टे, आणि तेही गाडीच्या लोखंडाला जोडलेले असावेत. ते उभेच ठेवावे. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो फरशीवर साचतो, म्हणून त्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी लागते. भरलेल्या पाण्याच्या टाकीत जितके लिटर तितके किलो. शंभर लिटरची टाकी म्हणजे एक क्विंटलचा माल झाला.

वजन म्हणजे पैसा

आपल्या सुतारांची शान जाड प्लायमध्ये असते. गिऱ्हाईकही ठोकून पाहतो आणि खूश होतो. गाडीत हीच शान नडते. आठ बाय चारचा १८ मि.मी.चा पक्का हार्डवुड प्लाय साधारण ३५ किलो भरतो. १२ मि.मी.चा तोच प्लाय २४ किलोच्या आसपास, आणि पॉप्लरसारख्या हलक्या लाकडाचा १२ मि.मी.चा प्लाय सुमारे १५ किलो. एका गाडीला दहा तक्ते लागले असे धरा. पहिल्या प्रकारात साडेतीन क्विंटल आणि तिसऱ्या प्रकारात दीड क्विंटल. दोन क्विंटलचा हा फरक गाडी रोज वाहणार, त्यासाठी डिझेल जाळणार आणि टायर झिजवणार.

हलका प्लाय कमजोर नसतो का, असे कोणी विचारेल. गाडीत मजबुती जाडीपेक्षा चौकटीतून येते. चौकोनी ॲल्युमिनियम पाइपची किंवा हलक्या लाकडाची चौकट करून तिला पातळ प्लाय लावला, तर वजन कमी आणि ताकद पुरेशी राहते. मात्र ॲल्युमिनियम आणि लोखंड ओल्या जागी एकमेकांना भिडले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. मध्ये रबर किंवा प्लास्टिकचा तुकडा घालावा. पाण्याजवळच्या कामासाठी आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घ्यावा. इतर ठिकाणी आयएस ३०३ चालतो. पार्टिकल बोर्ड स्वस्त असला तरी तो जड असतो, ओल खातो आणि स्क्रू धरत नाही. गाडीत तो वापरू नये.

जड वस्तू खाली आणि शक्यतो दोन चाकजोड्यांच्या मध्ये ठेवाव्यात, डावी-उजवी बाजू सारखी करावी, वरच्या कपाटांत फक्त कपडे आणि अंथरूण-पांघरूण असावे. काम सुरू करण्यापूर्वी आणि संपल्यावर गाडी वजनकाट्यावर न्यावी, पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलावा आणि दोन्ही पावत्या मालकाच्या हाती द्याव्यात. काट्याच्या दोन पावत्या ही आपल्या कामाची सर्वांत स्वस्त जाहिरात आहे.

जुने काढून नवे बसवताना

जुने फर्निचर काढण्याची घाई करू नये. आधी चारही बाजूंनी फोटो घ्यावेत. बॅटरीचे, बाहेरच्या विजेचे आणि गॅसचे कनेक्शन बंद करावे. प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधावी. प्रत्येक कपाटाचे नट-बोल्ट वेगळ्या थैलीत, नाव लिहून ठेवावेत. जे शेवटी बसवले गेले असेल ते आधी निघते, हा नियम धरला तर तोडफोड होत नाही.

येथे एक धोका आहे. लोखंडी पत्र्याच्या व्हॅनला तिचे स्वतःचे अंग असते. परंतु काही गाड्यांचा मागचा भाग थर्माकोलसारख्या फोमच्या दोन्ही बाजूंना पातळ पत्रे चिकटवून उभा केलेला असतो. अशा गाडीत आडव्या-उभ्या कपाटांनीच भिंती आणि छत ताठ धरलेले असते. सगळी कपाटे एकदम काढली तर भिंत झुकते आणि छत बसते. म्हणून एका वेळी एकच कपाट काढावे, किंवा आतून तात्पुरता टेकू द्यावा.

कपाट निघाले की मागची भिंत आणि फरशी हाताने दाबून पाहावी. मऊ लागली, काळे डाग दिसले, कुबट वास आला, तर समजावे की पाणी शिरले आहे. पाणी कुठून येते ते शोधून बंद केल्याशिवाय नवे फर्निचर बसवू नये. जुनी भोके पुन्हा वापरता आली तर उत्तम, पण भोक लांबट झाले असेल तर त्यावर मोठी पट्टी घालावी. आणि काढलेल्या जुन्या कपाटाचे वजन लिहून ठेवावे. नवे त्याहून जड होऊ नये, एवढे बंधन पाळले तरी पुष्कळ आहे.

गादी, कापड आणि पडदे

हा भाग आमच्या दुकानाशी संबंधित असल्याने थोडे अधिक सांगतो. गाडीच्या गादीला कापड निवडताना गिऱ्हाईक रंग पाहतो आणि कारागीर भाव पाहतो. आग कोणी पाहत नाही. बंद गाडीत शेगडी, वायरिंग आणि फोम शेजारी-शेजारी असतात. साधा पीयू फोम झपाट्याने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. सुती कापड पेटून धुमसत राहते. पॉलिस्टर वितळून अंगाला चिकटते. अमेरिकेत १९७२ पासून नियम आहे की मोटारीच्या आतले कापड व फोम यांवर आग मिनिटाला १०२ मि.मी.पेक्षा वेगाने पसरता कामा नये. आपल्या देशात याच परीक्षेसाठी आयएस १५०६१ हे मानक आहे. घाऊक व्यापाऱ्याकडून माल घेताना या परीक्षेचा दाखला मागावा आणि त्याची प्रत बिलाला जोडावी. सुती कापडावरचे आगरोधक औषध पुष्कळदा धुण्याने उतरते. धाग्यातच तो गुण असलेले पॉलिस्टर महाग पडते, पण धुतल्यावरही गुण टिकवते.

आणखी तीन कसोट्या आहेत. पहिली घासणीची. गादीच्या कापडाला मार्टिंडेल परीक्षेत तीस हजारांच्या वर घासण्या सोसता याव्यात. दुसरी उन्हाची. काचेतून येणारे ऊन रंग खाते, म्हणून उजेडात रंग टिकण्याचा १ ते ८ या मोजपट्टीवरचा अंक निदान ५ असावा, ६ असल्यास उत्तम. तिसरी आकसण्याची. सुती किंवा मिश्र कापड शिवण्याआधी भिजवून वाळवावे. शिलाईला सुती दोरा वापरू नये, जाड पॉलिस्टर किंवा नायलॉन दोरा घ्यावा. कव्हरला मागून चेन ठेवली तर धुण्यास काढता येते.

बसण्याच्या गादीला ४० डेन्सिटीचा फोम, पाठीला ३२ चा पुरतो. गादीच्या खाली फळीला भोके किंवा पट्ट्यांमध्ये फटी ठेवाव्यात, नाहीतर रात्री श्वासाची वाफ थंड फळीवर जमून गादी खालून बुरसते. गादी घसरू नये म्हणून फळीला आणि कव्हरला वेल्क्रोची पट्टी शिवावी. पडदे शेगडीपासून दूर, आणि वर-खाली अशा दोन तारांत अडकवलेले असावेत.

सोफा आणि सीट एक नव्हे

सर्वांत मोठी जोखीम येथे आहे. सुताराने बनवलेली बाकडी ही गाडी उभी असताना बसण्यासाठी असतात. चालत्या गाडीत माणूस फक्त कंपनीच्या किंवा मान्यताप्राप्त सीटवरच, पट्टा बांधून बसला पाहिजे. प्लायच्या बाकड्याला पट्टा स्क्रूने लावून देणे म्हणजे प्रवाशाची शुद्ध दिशाभूल आहे. सत्तर किलोचा माणूस वरच्या हिशेबाने पावणेनऊशे किलोचा होतो. तो जोर सोसणारे अँकर अधिकृत परीक्षेतूनच पास व्हावे लागतात. गिऱ्हाईकाने आग्रह केला तरी सीट, तिचे बोल्ट आणि पट्टा यांना हात लावू नये. आणीबाणीत बाहेर पडण्याची खिडकी-दारे कपाटाने झाकू नयेत.

कायद्याची बाजू

मोटर वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, गाडीच्या नोंदणी पुस्तकातील तपशील मूळ बनावटीशी जुळणार नाही असा बदल करण्यास मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत कडक भूमिका घेतली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकासाठी प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आली. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. गाड्यांच्या अशा परीक्षा घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे.

आमचा सल्ला असा की कॅराव्हॅन म्हणून नोंदलेल्या गाडीत जुन्याच्या जागी तसेच, तितक्याच वजनाचे फर्निचर बसवण्याचे काम निर्धास्त घ्यावे. परंतु साध्या व्हॅनची कॅराव्हॅन करायची असेल, किंवा सीटांची संख्या, गाडीचे वजन, उंची यांत फरक पडत असेल, तर मालकाला आधी आर.टी.ओ. कार्यालयाची लेखी परवानगी आणण्यास सांगावे आणि विमा कंपनीलाही कळवायला लावावे. परवानगीची प्रत आपल्या फायलीत ठेवावी.

भावपत्रक आणि अमानत

शेवटी व्यवहाराची गोष्ट. आपले कारागीर चौरस फुटाचा घरगुती दर लावतात आणि मग बोल्ट, पट्ट्या, लॉक यांचा खर्च स्वतःच्या मजुरीतून जाऊ लागला की तिथेच कपात करतात. हे टाळण्यासाठी भावपत्रकातच वेगवेगळ्या बाबी लिहाव्यात : जुने काढण्याची मजुरी, प्लाय व चौकट, पकडीचे सामान, लॉक व बिजागऱ्या, फोम व कापड, वजनकाटा, आणि एक महिन्यानंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळून देण्याची फेरी. ही शेवटची बाब फुकट देऊ नये आणि टाळूही नये, कारण थरथरीने काय सैल होते ते पहिल्या महिन्यातच कळते. गिऱ्हाईक भाव कमी करा म्हणाला तर सनमायका साधा घ्यावा, हँडल साधे घ्यावे, कापडाची छपाई साधी घ्यावी. पकडीच्या सामानात एक रुपयाही कमी करू नये.

झाकलेल्या कामाचा फोटो झाकण्यापूर्वी काढून मालकाला देण्याची सवय लावावी. भिंतीमागे पट्टी आहे की नाही हे मालकाला दिसत नाही. तो आपल्या बायकामुलांना त्या गाडीत निजवतो ते केवळ कारागिराच्या शब्दावर. मापात कमी देणाऱ्यांविषयी कुरआन शरीफात अल्-मुतफ्फिफीन ही स्वतंत्र सूरह आहे, हे प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे. आठ बोल्टांचे पैसे घेऊन चार लावणे हीही मापातली कमीच आहे. ज्याच्या हातचे झाकलेले काम उघडल्यावरही पूर्ण निघते, त्याच्याकडे गिऱ्हाईक दुसरे गिऱ्हाईक घेऊन येतो. अल्लाह आपल्या सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो.